नळ्याची यात्रा

निवडणुकीत एखाद्या पक्षाची हवा झाली की इतर पक्षांतले लोक भराभरा तिकडे वळतात. इंग्रजीत याला बँडवॅगनवर उडी मारणं म्हणतात. ही गाडी मूळची अमेरिकेतल्या सर्कशीची. एकोणिसाव्या शतकात सर्कस गावात आली की मिरवणूक निघे, आणि तिच्यात वाजंत्र्यांना घेतलेली रंगीत, नक्षीदार गाडी असे. सर्कसवाले पी. टी. बार्नम यांच्या १८५५ च्या आत्मचरित्रात हा शब्द आहे. पुढे प्रचारातही अशा गाड्या फिरू लागल्या. गर्दी दिसली की पुढारी वर चढत. शतक संपेपर्यंत त्याचा वाक्प्रचार झाला.

मराठीत त्याच्या जोडीला ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हण बसवतात. मला ही जोडी मान्य नाही, आणि त्याचं कारण बैलगाडीच्या बांधणीत आहे.

गडचिरोलीच्या जंगलांत, एटापल्लीकडे बैलगाडी म्हणजे बंडी. तिच्या लाकडी चाकाचा तुंबा आसावर घासतो, तापतो, करकरतो. त्याला वरचेवर ओंगण द्यावं लागतं. त्यासाठी बांबूचं एक पोकळ पेर तळाची गाठ राखून कापायचं, त्यात तेल भरायचं आणि ते गाडीला टांगायचं. हाच तो नळा. या जंगलांत बांबूला तोटा नाही. मानवेल बराचसा भरीव, कटांग पोकळ. महाशिवरात्रीला मार्कंड्याला, वैनगंगेच्या काठी यात्रा भरते. अशा यात्रेला घरची माणसं बंडीत बसून निघाली की नळाही निघायचाच. मोठ्याच्या आधारानं लहानाचंही साधतं, हा म्हणीचा अर्थ. बोलताना मात्र ती आयत्या लाभाचा टोमणा म्हणून वापरली जाते.

हा नळ्यावर अन्याय आहे. बँडच्या गाडीवर चढलेला पुढारी उतरला तरी गाडीचं काही अडत नाही. नळा घरी राहिला, तर लांबच्या वाटेवर चाकच धरतं. म्हणून पक्ष बदलणाऱ्यांना ही म्हण लावू नये. ती शोभते सभेच्या सतरंज्या घालणाऱ्या कार्यकर्त्याला.

आता रबरी टायर आणि बेअरिंग आल्यावर नळ्याचं काम संपलं, आणि प्रवासाचं वाहनही बदललं. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला सुटली. एटापल्ली तालुक्यातल्या वांगेतुरीला ती पोचायला १ जानेवारी २०२५ उजाडलं. त्या दिवशी गट्टा–गर्देवाडा–वांगेतुरी रस्त्याचं आणि अहेरीपर्यंतच्या बसचं उद्घाटन झालं. हे फार आधी व्हायला हवं होतं. पण वाहन बदललं की त्याच्या भागांची नावं एका पिढीत पुसली जातात, आणि मग म्हणी नुसत्या पाठ राहतात.

एटापल्ली, भामरागड, धानोऱ्याच्या वाचकांना माझी विनंती आहे. गावात बंडी बांधणारा म्हातारा सुतार अजून असेल, तर त्याच्याजवळ बसा. प्रत्येक भागाचं नाव मराठीत आणि माडियात विचारून घ्या, शेजारी चित्र काढा आणि वही जपून ठेवा.