विंचूदंश : मज्जापेशीची दारे आणि हाताशी असलेला वेळ

पेण व रोहा तालुक्यांतील वाड्यावस्त्यांना विंचू नवा नाही. भाताची कापणी, पेंढ्याची उचल, सरपणाची मोळी, कौलारू घराची डागडुजी अशा नित्याच्या कामांत दंश होतो. दंशाची तीव्रता घरची मंडळी बहुधा वेदनेवरून ठरवितात. मूल रडावयाचे थांबले की विष उतरले, असे मानले जाते. हा समज जिवावर बेतू शकतो. तो का, हे कळण्यासाठी मज्जापेशीच्या पटलातील प्रथिनांची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

प्रत्येक मज्जापेशीभोवती अतिशय पातळ पटल असते. सोडियम, पोटॅशियम यांचे विद्युत्‌भारित कण ते आपोआप ओलांडू शकत नाहीत. त्यांची ने-आण पटलात रुतलेली प्रथिने करतात. त्यांपैकी काही पंपासारखी असतात. हा पंप प्रत्येक फेरीत सोडियमचे तीन कण बाहेर टाकतो व पोटॅशियमचे दोन कण आत घेतो. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्काऊ यांनी १९५७ साली त्याचे कार्य दाखवून दिले व १९९७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरी प्रथिने दारांसारखी असतात. संदेश येताच ती उघडतात, सोडियम आत शिरतो आणि सेकंदाच्या काही सहस्रांश भागात दार मिटते. उघडण्याइतकेच हे मिटणेही महत्त्वाचे आहे, कारण दार मिटल्याशिवाय संदेश थांबत नाही.

लाल विंचवाच्या विषातील काही घटक नेमके हे दार मिटू देत नाहीत. मज्जातंतू पुन्हा पुन्हा उद्दीपित होतात. आपल्या इच्छेवाचून चालणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेत जणू वादळ उठते. आरंभी ओकाऱ्या, दरदरून घाम व लाळ सुटते. पाठोपाठ अॅड्रिनलिनसारखी द्रव्ये रक्तात उसळतात, रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात, हृदयावर ताण येतो व फुप्फुसांत पाणी साठू लागते. अशा गंभीर रुग्णास दंशाच्या जागी वेदना मात्र थोडीच असू शकते. म्हणूनच शांत झालेले, घामाने भिजलेले, गार पडलेले मूल हे बरे झाल्याचे लक्षण नव्हे.

या आजारावरील उपचाराला दिशा मिळाली ती आपल्याच रायगड जिल्ह्यात. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी ग्रामीण रुग्णांचे बारकाईने निरीक्षण करून १९८०च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध विंचूदंशासाठी वापरात आणले. आकसलेल्या रक्तवाहिन्या त्याने सैल होतात व हृदयावरील भार हलका होतो. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी ३० ते ४० टक्के दगावत; योग्य वेळी उपचार मिळाल्यास हे प्रमाण १ ते २ टक्क्यांपर्यंत खाली आले. पुढे महाड येथेच ७० रुग्णांवर झालेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. प्राझोसिनसोबत विंचूदंशावरील प्रतिविष दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ जणांत ही संख्या ८ होती. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री प्रदान करण्यात आली.

प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला निष्प्रभ करते. म्हणून ते जितके लवकर मिळेल तितके हितकर. रुग्णांच्या कुटुंबीयांना आमची कळकळीची विनंती आहे की, दंशाची जागा कापू वा चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये, मंत्रतंत्रात वेळ दवडू नये आणि औषध स्वतःच्या मनाने देऊ नये. ओकारी, घाम वा गार हातपाय दिसताच रुग्णास, विशेषतः बालकास, आडवे झोपवून तातडीने रुग्णालयात आणावे.

आमच्या देणगीदारांनाही हे ध्यानात घ्यावेसे वाटेल की, येथे जीव वाचविणारे औषध अल्पमोली आहे. दुर्मीळ आहे तो वेळ. दूरच्या वाडीपासून रुग्णालयापर्यंतचे अंतर कमी करणारे प्रत्येक साहाय्य, मग ते वाहनाचे असो, प्राणवायूचे असो वा प्रबोधनाचे, या उपचाराचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.