चार ग्रॅममध्ये एक एकर

परीक्षानळीत कारखान्याचं सांडपाणी घेतलंय. दिसायला नितळ, रंगाचा मागमूस नाही. त्यात थोडं आम्ल घालून डायफिनाइल कार्बाझाइडचे दोन-चार थेंब सोडले की काही मिनिटांत ते जांभळट गुलाबी होतं. हा रंग चुगली करतो ती हेक्झाव्हॅलंट क्रोमियमची. डोळ्यांना न दिसलेला धातू पाण्यात हजर असतो.

हँडलबार किंवा नळाच्या तोटीला आरशासारखी चकाकी देणाऱ्या क्रोम प्लेटिंगमधून तो येतो. टाकीतून जॉब, म्हणजे प्लेटिंगची वस्तू, वर उचलला की पिवळंजर्द द्रावण त्याला चिकटून येतं. धुवायच्या टाकीत ते उतरतं आणि तिथून ईटीपीकडे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेकडे जातं. या क्रोमियमचं रूप मोठं फसवं. पाण्यात तो क्रोमेटच्या रूपात असतो, आणि क्रोमेटचा आकार सल्फेटसारखा असतो. पेशीला सल्फेट लागतंच. त्याच्यासाठी ठेवलेल्या दारातून क्रोमेटही आत शिरतं आणि तिथे डीएनएची नासधूस करतं. म्हणूनच त्याची गणना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत होते.

सांडपाण्यातला मैला जिवाणू खाऊन संपवतात. क्रोमियमचा अणू कुणालाच संपवता येत नाही. तो जळत नाही, कुजत नाही. त्याला पकडून एका जागी आणणं एवढंच आपल्या हातात असतं.

त्याची रुळलेली रीत अशी. पाणी आम्लधर्मी करून त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचं. पिवळा रंग हिरवट होतो, म्हणजे हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचं कमी घातक ट्रायव्हॅलंट क्रोमियम झालं. मग चुना घातला की ते गाळ होऊन तळाशी बसतं. बराचसा धातू असा स्वस्तात निघतो. अडचण असते ती शेवटच्या अंशाची. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं आपल्याकडचं मानक सांगतं. इतक्या विरळ पाण्यात क्रोमियमच्या एका अणूमागे पाण्याचे सुमारे २.९ कोटी रेणू असतात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. त्या प्रमाणात अख्ख्या राज्यात जेमतेम चार माणसं! त्यांना हुडकायचं कसं?

हुडकायचं नाहीच. त्यांना टेकायला इतकी अफाट जागा द्यायची, की फिरताफिरता ती आपण होऊन तिथे येऊन चिकटावीत. हेच अधिशोषण. पदार्थाच्या पोटात पाणी मुरण्याशी त्याचा संबंध नाही. इथे सगळा खेळ पृष्ठभागावर चालतो.

आणि पृष्ठभाग केवढा! चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमला हजार चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग असतो, म्हणजे जवळपास दहा गुंठे. चार ग्रॅम भुकटीत एक एकर. ही जमीन बाहेरून दिसत नाही, कारण ती कणाच्या आत, मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाइतक्या अरुंद छिद्रांच्या भिंतींवर पसरलेली असते.

ती तयार होते नारळाच्या करवंटीतून. करवंट्या कमी हवेत भाजून आधी कोळसा करतात. मग ८०० ते १००० अंश सेल्सिअसला त्यावर वाफ सोडतात. वाफेतला ऑक्सिजन कार्बनला उचलून वायुरूपात घेऊन जातो आणि कोळसा आतून पोखरला जातो. आपण कोळशात काही भरत नाही, उलट त्यातला कोळसाच काढून घेतो. जे उरत नाही, त्यातूनच जागा निर्माण होते.

क्रोमेट या भिंतीपाशी पोचल्यावर काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. आम्लधर्मी पाण्यात कोळशाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन आयन बसतात आणि त्याला धनभार येतो. क्रोमेट ऋणभारित, त्यामुळे ते ओढलं जातं. पण गोष्ट चिकटण्यावर थांबत नाही. कोळसा त्याला इलेक्ट्रॉन देतो आणि हेक्झाव्हॅलंटचं ट्रायव्हॅलंट होतं. त्यातलं काही कोळशावरच राहतं, काही पाण्यात परततं. त्याला पुढे चुन्याने खाली बसवता येतं. लाकडाचा भुसाही हे करू शकतो.

शिसं आणि कॅडमियम यांची तऱ्हा उलटी, कारण ते धनभारित. त्यांना ऋणभार हवा. तो शेंगांची टरफलं, उसाची चिपाडं, संत्र्याची सालं यांच्यात आयता मिळतो. वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतले कार्बोक्सिल गट पाण्याचं आम्ल कमी झालं की आपला हायड्रोजन सोडतात आणि ऋणभारित होतात. रिकाम्या झालेल्या त्या जागी शिसं येऊन बसतं. पुन्हा आम्ल ओतलं की हायड्रोजन गर्दी करून परत येतो आणि शिशाला जागा सोडावी लागते.

या जागांचा हिशेब मांडला अर्व्हिंग लँगम्यूर यांनी. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत विजेच्या दिव्यांवर काम करता करता ते पृष्ठभागांच्या अभ्यासाकडे वळले. पृष्ठभागावरच्या जागा मोजक्या, एका जागी एकच रेणू, आणि थर एकच, या साध्या गृहीतकांवर त्यांनी १९१८मध्ये समीकरण दिलं. १९३२मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज धातू पकडणाऱ्या कुठल्याही नव्या भुकटीची परीक्षा बहुतेकदा याच समीकरणापासून सुरू होते.

खऱ्या सांडपाण्यात मात्र या जागांसाठी चढाओढ असते. शिशाच्या एका आयनामागे कॅल्शियम, सोडियमचे हजारो आयन रांगेत उभे असतात. म्हणून नुसता पृष्ठभाग पुरत नाही, निवडही लागते. पाऱ्यासाठी ती निसर्गानेच दाखवून दिली आहे. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचंच संयुग, आणि रसशास्त्रातली कज्जलीही पारा-गंधक खलूनच होते. ही जोडी इतकी घट्ट, की अधिशोषकाच्या भिंतीवर गंधकाचे गट जडवले तर बाकीच्या गर्दीतून पारा नेमका उचलला जातो.

पण पकडण्याइतकंच सोडण्यालाही मोल आहे. सोन्याच्या खाणींत सायनाइडने विरघळवलेलं सोनं करवंटीच्याच कोळशावर धरतात, कारण हा कोळसा कठीण असतो आणि घुसळणीत सहज झिजत नाही. पुढे गरम अल्कधर्मी द्रावणाने ते सोनं सोडवून घेतात. निकेल प्लेटिंगच्या धुण्याच्या पाण्यातलं निकेलही आयन-विनिमय रेझिनवर धरून सल्फ्युरिक आम्लाने परत मिळवता येतं.

केळीच्या सालीने, चिंचोक्याने किंवा आणखी कशाने पाण्यातलं विष काढल्याची बातमी अधूनमधून वाचायला मिळते. ती बहुधा खोटी नसते, पण अर्धी असते. प्रयोगशाळेत पुष्कळदा शुद्ध पाण्यात एकच धातू घातलेला असतो, आणि तोही भरपूर. तेव्हा तीन प्रश्न विचारावेत. खऱ्या सांडपाण्यात ती भुकटी तेवढंच काम करते का? किती वेळा धुऊन पुन्हा वापरता येते? आणि भरलेली भुकटी शेवटी कुठे जाते? तिसऱ्याचं उत्तर नसेल, तर लाखो लिटर पाण्यातलं विष काही किलो भुकटीत आलं, इतकंच झालं. हेही कमी नाही, कारण किलोभर विषावर कुलूप लावता येतं, नदीवर येत नाही. पण ते कुलूप कुणीतरी लावावं लागतं.