नस चालू आहे, पण जास्तच उतावीळ झालीय का? 'एमएनडी'च्या संशयात ही चाचणी काय सांगते?

नंदुरबारच्या मिरची पथारीवर दिवसभर देठं खुडणाऱ्या किंवा ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या माणसाच्या हातातला जोर कमी झाला, तर घरचे आधी थकवा म्हणतात, मग अशक्तपणा. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. पण हात बारीक होतोय, कातडीखाली स्नायू फडफडतायत आणि तरीही मुंग्या किंवा बधिरपणा नाही, असं असेल तर डॉक्टरांना मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजेच 'एमएनडी'ची शंका येते.

हा आजार काय आहे?

मेंदू आणि मज्जारज्जूतून स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी यात हळूहळू मरतात. एएलएस हा याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी त्याचं निदान झालं आणि ते २०१८ पर्यंत जगले. पण ते अपवाद होते. बहुतेक रुग्णांना लक्षणं दिसल्यापासून साधारण २ ते ५ वर्षंच मिळतात.

मग नेहमीची तपासणी पुरत नाही का?

एनसीव्ही चाचणीत नसेतून संदेश किती वेगाने आणि किती जोराने जातो ते कळतं. ईएमजीमध्ये स्नायूत बारीक सुई घालून बिघाड शोधतात. निदानाचा मुख्य आधार याच चाचण्या आहेत. पण त्या प्रामुख्याने झालेलं नुकसान दाखवतात.

उतावीळपणा कसा मोजतात?

मनगटावर विजेचे हलके झटके देऊन अंगठ्याच्या स्नायूचा प्रतिसाद नोंदवतात. तो प्रतिसाद ठरावीक पातळीवर राहावा म्हणून संगणक करंट सतत कमी-जास्त करतो. किती करंट लागला, यावरून नस किती लवकर पेटते ते समजतं. १९९९ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये ठरलेल्या पद्धतीने हे काम सुमारे १० मिनिटांत होतं.

एएलएसमध्ये नसेत सोडियमचा प्रवाह वाढलेला आणि पोटॅशियमचा कमी झालेला दिसतो. त्यामुळे नस विनाकारण पेटते आणि स्नायू फडफडतात. डोक्याजवळ चुंबकीय कॉइल धरून मेंदूचा उतावीळपणाही मोजता येतो. एएलएसमध्ये तो अनेकदा सुरुवातीलाच वाढलेला असतो.

एवढ्यावर निदान होतं का?

नाही. हाताचं तापमान बदललं तरी आकडे बदलतात. ही मोजणी बहुतेक संशोधन केंद्रांतच होते, त्यामुळे तिच्यासाठी थांबून राहू नये.

एमएनडीसारखे दिसणारे इतर आजार ओळखणं जास्त महत्त्वाचं आहे. तरुण मुलांमध्ये दिसणाऱ्या हिरायामा आजारातही हात बारीक होतो, पण काही वर्षांनी तो वाढायचा थांबतो. मानेच्या मणक्यात दबलेल्या मज्जारज्जूवर किंवा नसांच्या काही आजारांवर उपचार आहेत. एमएनडीवर मात्र रिलुझोलसारखी औषधं आजाराचा वेग थोडाच कमी करतात.

काय करावं?

नंदुरबारमध्ये २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरूनही पहिली तपासणी तिथे करून घेता येते आणि पुढे न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवण्याची चिठ्ठी मागता येते. नुसती फडफड असेल तर घाबरू नका, ती निरोगी माणसालाही होते. पण फडफडीसोबत ताकद कमी होत असेल, बोलताना जीभ अडखळत असेल किंवा गिळताना ठसका लागत असेल, तर टॉनिकवर महिने घालवू नका.