एकटा विरुद्ध तिघे: लाइफ दुप्पट केली की काम भागतं?

‘मॅजिक: द गॅदरिंग’ खेळणाऱ्या ग्रुपमध्ये कधी ना कधी ही टूम निघतेच: तू एकटा, आम्ही तिघं. 2010 मध्ये विझार्ड्‌स ऑफ द कोस्टने या खेळाला ‘आर्चएनिमी’ या नावाने रीतसर नियम दिले. एकजण महाशत्रू. त्याला 40 लाइफ, समोरच्यांना प्रत्येकी 20. पहिली टर्न त्याची. शिवाय नेहमीच्या डेकच्या जोडीला किमान 20 ‘स्कीम’ कार्डांची वेगळी गड्डी. त्याच्या प्रत्येक टर्नला या गड्डीतलं वरचं कार्ड उघडतं आणि मॅना न देता लागू होतं. घरच्या घरी असा डाव जुळवणारे बहुतेकजण यातला 40 चा आकडा तेवढा उचलतात आणि स्कीमची गड्डी सोडून देतात. डाव बिघडायला सुरुवात इथेच होते, कारण समतोलाचं बरंचसं वजन त्या सोडून दिलेल्या गड्डीवर असतं.

गैरसमज: एकट्याला दुप्पट लाइफ दिली की सामना बरोबरीचा होतो.

साधा हिशेब मांडू. चौघांची ताकद सारखी धरा: प्रत्येकजण फेरीला 1 लाइफ कमी करतो. एकट्यावर फेरीला 3 चा मार बसतो, म्हणजे त्याच्या 40 लाइफ चौदाव्या फेरीत संपतात. तोवर त्याने समोरच्या एकाला 20 वरून जेमतेम 6 वर आणलेलं असतं. एकही गडी बाद न करता तो हरतो.

मग किती लाइफ पुरतील? पहिल्याला बाद करायला 20 फेऱ्या, आणि तेवढा वेळ तिघांचा मार: 60. दुसऱ्यासाठी 20 फेऱ्या, दोघांचा मार: 40. तिसऱ्यासाठी आणखी 20. बेरीज 120. दुप्पट नव्हे, सहापट. लाइफ 40 च ठेवायच्या असतील, तर एकट्याची मारण्याची ताकद तिप्पट हवी. संख्येचा फायदा असा झपाट्याने वाढतो, हे इंग्रज इंजिनिअर फ्रेडरिक लँचेस्टरने पहिल्या महायुद्धाच्या काळात लढाईसाठी गणितात मांडलं होतं. पत्त्यांचा खेळ इतका सरळ नसतो हे खरं. पण हिशेबाची दिशा चुकत नाही.

ही तिप्पट ताकद स्कीम कार्डांतून यायची असते. तिघंजण मिळून फेरीला तीन कार्डं ओढतात, एकटा एकच. ‘युअर प्युनी माइंड्स कॅनॉट फॅदम’ ही स्कीम त्याला एका झटक्यात चार कार्डं देते. ‘लुक स्कायवर्ड अँड डिस्पेअर’ उडणारा 5/5 ड्रॅगन मैदानात आणते, तोही एक मॅना खर्च न करता. त्यामुळे स्कीमशिवाय खेळायचं असेल, तर लाइफ वाढवत बसण्याआधी एकट्याला प्रत्येक टर्नला एक-दोन जादा कार्डं आणि जादा लँड खेळायची मुभा द्यावी, असं माझं ठाम मत आहे. लाइफ वाढवल्याने डाव लांबतो, पण एकट्याच्या हातात काही करण्यासारखं येत नाही. नुसता मार खात बसणारा महाशत्रू कोणालाच नको असतो.

याच हिशेबात एक अवघड गाठही आहे. एकट्याने सभ्यपणे तिघांना सारखं मारत राहायचं ठरवलं, तर तिघंही साठाव्या फेरीपर्यंत उभे राहतात आणि त्याला 120 ऐवजी 180 चा मार सोसावा लागतो. म्हणजे एकाच्याच मागे लागण्यात त्याचा फायदा आहे. पण ज्याच्या मागे तो लागतो तो लवकर बाद होतो आणि उरलेला डाव बघत बसतो. घरच्या खेळात सगळ्यात जास्त मन दुखावतं ते इथे. यावर उपाय कार्डांच्या निवडीत सापडतो. ‘मॉर्टल फ्लेश इज वीक’ ही स्कीम सगळ्या विरोधकांच्या लाइफ त्यांच्यातल्या सर्वांत कमी लाइफ असलेल्याच्या बरोबरीला आणते. महाशत्रूने एकाला झोडपलं तरी त्याचा परिणाम तिघांवर होतो आणि तिघं एकाच वेळी धोक्यात येतात. अशी कार्डं गड्डीत असली की कोणी एकटाच लवकर उठून जात नाही.

गैरसमज: तिघांसाठी जुळवलेला डाव दोघांना किंवा चौघांनाही चालतो.

चालत नाही. 40 लाइफच्या एकट्याला दोघांसमोर दीडपट ताकद पुरते, तिघांसमोर तिप्पट लागते, चौघांसमोर पाचपट. एक गडी वाढला म्हणजे थोडा फरक पडला असं नसतं. आपल्याकडे कबड्डीने हे केव्हाच ओळखलं आहे. चढाईपटूला बोनस गुण मिळायचा असेल तर समोर किमान सहा बचावपटू लागतात, आणि तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी पकड केली तर त्यांना जादा गुण मिळतो. मैदानावरची माणसं बदलली की गुणांचा भावही बदलतो.

कार्डांमध्ये हे काम शब्द करतात. ‘प्रत्येक विरोधक’ असं लिहिलेलं कार्ड आपोआप माणसं मोजतं. ‘आय डिलाइट इन युअर कन्व्हल्शन्स’ या स्कीमने प्रत्येक विरोधकाच्या 3 लाइफ जातात आणि तेवढ्या महाशत्रूला मिळतात: दोघांसमोर 6, तिघांसमोर 9, चौघांसमोर 12. ‘एक विरोधक निवडा’ म्हणणारं कार्ड मात्र कितीही जण असले तरी तेवढंच काम करतं. आणि ‘प्रत्येक विरोधक’वालं कार्ड तिघांपैकी कोणाच्या डेकमध्ये असेल, तर त्याला विरोधक एकच. कमांडरमध्ये जबरदस्त ठरणारी कितीतरी कार्डं या बाजूला एकदम फिकी पडतात. उलट, 1993 च्या पहिल्याच सेटमधलं ‘रॅथ ऑफ गॉड’, जे मैदानावरचे सगळे क्रीचर नष्ट करतं, ते एकट्याच्या हातात सोन्याचं आहे. एका कार्डाने एक कार्ड मारण्याचा सौदा त्याला कधीच परवडत नाही.

तिघांनी एकत्र टर्न घ्यायची हा नियम फक्त वेळ वाचवण्यासाठी आहे, असंही पुष्कळजण समजतात. वेळ वाचतोच, पण तिघांची धारही वाढते. वेगवेगळ्या टर्न असतील, तर महाशत्रूचा एकच दणकट क्रीचर तिघांच्याही टर्नला पुन्हा पुन्हा ब्लॉक करू शकतो, आणि त्याला लागलेला मार प्रत्येक टर्नच्या शेवटी पुसला जातो. एकत्र हल्ल्यात तो एकदाच अडवतो. टर्न वेगळ्या करून खेळणाऱ्यांनी एकट्याला नकळत मोठी मदत केलेली असते.

गैरसमज: सगळ्यात भारी डेक एकट्याला दिला की झालं.

अनंत कॉम्बोचा डेक समोर एक आहे की चार, हे बघत नाही. चौथ्या टर्नला सगळे एकदम हरतात आणि वर केलेले सगळे हिशेब निरर्थक ठरतात. 2017 च्या ‘आर्चएनिमी: निकोल बोलस’ या संचात चारही डेक आणि 20 स्कीम एकाच खोक्यात आल्या: एका बाजूला बोलस, दुसऱ्या बाजूला गिडियन, चंद्रा आणि निस्सा. कोणता डेक कोणासमोर येणार हे ठरलेलं असल्याने जुळवणी आधीच करता येते. प्रत्येकाने आपापला डेक आणला की ती खात्री जाते. म्हणून मी तरी एकट्याला क्रीचरवर चालणारा, संथ पण टिकाऊ डेकच सुचवते.

राहिला प्रश्न, समतोल झाला हे ओळखायचं कसं. दहा डावांत एकटा सात जिंकला म्हणून पुढच्या आठवड्यात त्याच्या लाइफ कापणं घाईचं आहे. डाव अगदी निम्मा-निम्मा असला तरी दहापैकी सात किंवा जास्त डाव एकट्याला नशिबाने मिळण्याची शक्यता सुमारे 17 टक्के असते. शिवाय निम्मंच का? चौघे सुटे खेळले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी चौथा हिस्सा येतो. महाशत्रूने तीनांतला एक डाव जिंकावा असं ग्रुपने ठरवलं, तर तोही समतोलच, फक्त ते आधी ठरलेलं हवं. हार-जितीच्या जोडीला दोन गोष्टी लिहून ठेवा: पहिला गडी कितव्या टर्नला बाद झाला, आणि हरणाऱ्या बाजूला शेवटची खरी संधी कितव्या टर्नला होती. आकडे हलवायचे तर एका वेळी एकच, आणि त्याच डेकवर.