पहिला हप्ता कोणाचा?

क्रेडिट कार्डावर ६०,००० रुपयांची बाकी आहे असे धरू. व्याज महिना साडेतीन टक्के. बहुतेक कार्डांचा दर याच्याच आसपास असतो. महिन्याचे व्याज झाले २,१०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३७८. बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून साधारण पाच टक्के, म्हणजे ३,००० रुपये छापलेले असतात. ते वेळेवर भरले की २,४७८ रुपये व्याजात आणि करात जातात आणि मुद्दल फिटते ५२२ रुपयांचे. पुढच्या महिन्यात बाकी जराशी कमी, म्हणून किमान रक्कमही जराशी कमी. कार्डावर एकही नवी खरेदी न करता हे पाच वर्षे चालवले, तरी ३५,००० रुपयांच्या वर बाकी उरलेलीच असते.

हीच बाकी ऑफिसच्या पतसंस्थेतून घटत्या शिलकेवर १२ टक्क्यांनी कर्ज काढून एकरकमी फेडली आणि पतसंस्थेला दरमहा ३,००० रुपये दिले, तर तेविसाव्या महिन्यात कर्ज संपते. एकूण भरणा सुमारे ६७,००० रुपये. तेच ३,००० न घटवता कार्डाला देत राहिलो, तर साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागतो आणि जवळजवळ १,३०,००० रुपये जातात. महिन्याला घरातून जाणारी रक्कम दोन्हीकडे सारखीच.

कर्जफेडीचा विषय निघाला की सल्ला ठरलेला असतो: बाहेरचे खाणे बंद करा, रिक्षा सोडा, खर्चाची वही ठेवा. दिव्यात किंवा टिटवाळ्यात राहून रोज मुंबई गाठणाऱ्या, पंचवीस-तीस हजारांत चौघांचे घर चालवणाऱ्या माणसाला एवढेच सांगून थांबणे मला अन्यायाचे वाटते. तो आधीपासूनच स्टेशनपर्यंत चालत जातो. त्याच्या खर्चाला कात्री लावून महिन्याला पाचशे-हजार निघतील. वरच्या उदाहरणात व्याजातून पहिल्याच महिन्यात अठराशे निघाले. तुटपुंज्या पगारात कर्ज फेडायचे तर आधी व्याजाचा दर खाली आणायला हवा. काटकसर त्यानंतर.

प्रत्यक्षात पैसे कसे वाटले जातात ते पाहा. पगार झाला की पहिले पैसे त्याला मिळतात, ज्याचा वसुलीवाला सारखा फोन करतो. मग नात्यातल्या हातउसन्याला, कारण पुढच्या महिन्यात लग्नकार्यात तोंड दाखवायचे असते. कार्डाचे बिल मोबाइलवर येते, ते कोणाच्या नजरेस पडत नाही, म्हणून त्याला किमान रक्कम. म्हणजे क्रम लाज ठरवते. त्यातच भिशीही भरली जाते आणि पोस्टात आरडीही चालू असते. साठवण चालू ठेवल्याचे समाधान मिळते खरे, पण सहा-सात टक्के मिळवण्यासाठी वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर मोजणे घराला परवडणारे नाही. कार्ड फिटेपर्यंत आरडी थांबवावी, हे माझे स्पष्ट मत आहे. घरात दहा-पंधरा हजार रुपये मात्र बाजूला असू द्यावेत, नाहीतर पुढचा ताप किंवा फ्रिजची दुरुस्ती पुन्हा कार्डावरच जाते.

एक कागद घ्यावा आणि प्रत्येक कर्ज त्यावर लिहावे: कोणाचे, किती बाकी, दर काय, किती हप्ते राहिले, जामीन कोण. हा कागद नवरा-बायकोने एकत्र बसून लिहावा. अ‍ॅपवरून घेतलेले कर्ज घरातल्यांना वसुलीच्या फोनवरून कळते, तेव्हा पैशाच्या ओझ्यावर विश्वासघाताचे ओझे चढते. काही विसरले असेल तर सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्या वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत देतात; तो काढला की जुनी, विसरलेली कर्जेही समोर येतात. मग भाडे, किराणा, वीज, शाळा आणि पास बाजूला काढून सगळ्या कर्जांचे ठरलेले हप्ते भरावेत आणि त्यावर जे उरेल, पाचशे का असेनात, ते सगळे सर्वांत महाग कर्जावर टाकावे. ते संपले की त्याचा हप्ता पुढच्या महाग कर्जाकडे वळवावा. दिवाळीचा बोनस, सणाची खरेदी व्हायच्या आत, याच रांगेत लावावा.

किमान रकमेबद्दल बँका इशारा देत नाहीत असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार, दरमहा किमान रक्कमच भरली तर फेड वर्षानुवर्षे लांबेल आणि चक्रवाढ व्याज पडेल, असे बिलावर छापावेच लागते. तो मजकूर बारीक अक्षरात असतो आणि किमान रकमेचा आकडा ठळक. दरावर बाहेरून लगाम येईल याची वाट पाहण्यातही अर्थ नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डाच्या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ती रद्द केली.

स्वस्त कर्ज मिळण्याच्या जागा आपल्याच ठाणे-कल्याण पट्ट्यात आहेत. १९७० मध्ये डोंबिवली नागरी सहकारी बँक, १९७२ मध्ये ठाणे जनता आणि १९७३ मध्ये कल्याण जनता सहकारी बँक उभी राहिली, ती इथल्या नोकरदारांच्या आणि छोट्या व्यापाऱ्यांच्या पैशावर. त्याहून जवळची जागा म्हणजे पगारदारांची पतसंस्था. महापालिका, एसटी, वीज कंपनी, शाळा, जुने कारखाने, जिथे जिथे कायम नोकर आहेत तिथे ती बहुधा असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ नुसार सभासदाने लिहून दिले की हप्ता पगारातूनच कापून संस्थेला जातो. वसुलीची खात्री असल्यामुळे संस्थेला दर कमी ठेवता येतो. शिवाय पैसे हातात पडण्याआधीच हप्ता गेलेला असतो, ही माझ्या दृष्टीने या व्यवस्थेची सर्वांत मोठी सोय आहे.

पण पतसंस्थेचे कर्ज जामिनावर मिळते, आणि इथे फार जपायला हवे. कारखान्यात शेजारच्या मशीनवर उभा राहणारा किंवा रोज एकाच डब्यातून येणारा सहकारी तुमच्या अर्जावर सही करतो. भारतीय करार अधिनियमाच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. संस्थेला आधी तुमच्या मागे लागून मग त्याच्याकडे जाण्याचे बंधन नाही. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला की त्याच्याही पगाराला हात लागतो. सही करताना ‘नुसती फॉर्मॅलिटी आहे’ असे म्हटले जाते. कृपा करून तसे म्हणू नका. ज्याची सही घेता त्याला रक्कम, मुदत आणि तुमची बाकीची कर्जे सांगा.

दुसरी काळजी कार्डाची. पतसंस्थेच्या पैशातून बाकी भरली आणि कार्ड पाकिटात तसेच राहिले, तर वर्षभरात दोन्ही कर्जे उभी राहतात. बाकी शून्य झाली की कार्ड बंद करण्याचा अर्ज द्यावा. बँकेने ते सात कामाच्या दिवसांत बंद करायचे असते. नाही केले तर बँकेला दिवसाला ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यावा लागतो.

ज्यांची नोकरी कंत्राटी आहे, पतसंस्था नाही, त्यांनी काय करावे? एलआयसीची जुनी पॉलिसी असेल तर तिच्या समर्पण मूल्यावर कर्ज मिळते. बँकेत सोने तारण ठेवता येते. घरातल्या बाईच्या बांगड्या तारण ठेवणे हा सोपा निर्णय नव्हे, आणि तो तिनेच घ्यायचा आहे. पण कार्डाच्या निम्म्याहून कमी दरात पैसे मिळत असतील आणि व्याज दरमहा भरायची तयारी असेल, तर त्यात कमीपणा नाही. वर्षअखेरीस सगळे एकदम फेडण्याची पद्धत मात्र टाळावी. मुदत टळली की दागिना लिलावात जातो. हेही नसेल तर कार्ड कंपनीकडेच बाकी रकमेचे हप्ते पाडून मागावेत. तो दर पतसंस्थेपेक्षा जास्त असतो, तरी कार्डाच्या नेहमीच्या दराहून पुष्कळ खाली असतो.

कर्ज देणारा ‘एक टक्का महिना’ म्हणाला की एक प्रश्न विचारायलाच हवा: सपाट दराने की घटत्या शिलकेवर? ६०,००० वर दोन वर्षांसाठी १२ टक्के सपाट म्हणजे १४,४०० रुपये व्याज आणि ३,१०० चा हप्ता. मुद्दल दरमहा फिटत असताना व्याज मात्र पूर्ण रकमेवर लागत राहते, म्हणून खरा दर वर्षाला एकवीस टक्क्यांच्या वर जातो.

कल्याणच्या बाजारात किंवा डोंबिवली स्टेशनबाहेर पाटी लावून विकणाऱ्यांचे गणित याहून कठीण. हातात ९,००० द्यायचे आणि रोज १०० रुपये शंभर दिवस उचलायचे, अशा रोजच्या वसुलीत जेमतेम हजार रुपये जास्त गेल्यासारखे वाटतात. वर्षाच्या हिशेबात तो दर पंच्याहत्तर टक्क्यांच्या पुढे जातो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. परवानाधारक सावकारालाही बिगरशेती कर्जावर तारण असेल तर वर्षाला १५ आणि नसेल तर १८ टक्क्यांच्या वर जाता येत नाही, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करायची. फेरीवाल्यांसाठी २०२० पासून पीएम स्वनिधीचे कर्ज आहे. पहिला टप्पा १०,००० चा होता, २०२५ मध्ये तो १५,००० झाला; वेळेवर फेडले तर ७ टक्के व्याज अनुदान परत मिळते. अर्ज महापालिकेमार्फत होतो. रोजच्या वसुलीतून बाहेर पडायला पंधरा हजार पुरतात, असे मी ठामपणे म्हणेन.

बरीच कर्जे दवाखान्यात सुरू होतात, म्हणून हेही सांगायला हवे: महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे आणि वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत उपचार तिच्यात बसतात. कार्ड पुढे करण्याआधी हे रुग्णालय योजनेत आहे का, हे काउंटरवर विचारावे.

हप्ते थकले असतील तर वसुलीवाल्यांच्याही मर्यादा माहीत हव्यात. बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या एजंटाला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही. नातेवाईक-मित्रांना गाठून बदनामी करता येत नाही. कर्जाच्या अ‍ॅपला तुमच्या मोबाइलमधले नंबर आणि फोटो उघडण्याची मुभा नाही. फोटो विकृत करून पाठवण्याची धमकी आली तर पैसे देऊ नका. सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर कळवा आणि पोलीस ठाण्यात जा. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. चौकशीचा क्रमांक १४४४८. पतसंस्थेची तक्रार तिथे चालत नाही, ती उपनिबंधकांकडे.

‘सेटलमेंट’चा मोह पडतो, कारण निम्म्यात सुटल्यासारखे वाटते. पतअहवालात मात्र ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढचे कर्ज अवघड होते. दुसरा मार्गच नसेल तर आकडा बँकेच्या कागदावर लेखी घ्या, पैसे बँकेच्याच खात्यात भरा, ना-देय दाखला घ्या. एजंटाच्या हातात रोख देऊ नका. प्रकरण न्यायालयात गेले असेल तर ठाण्यात आणि कल्याणमध्ये भरणाऱ्या राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोड होऊ शकते; तिथे कोर्ट फी नाही. महिलांना आणि कमी उत्पन्नाच्या माणसांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलही मोफत मिळतो. क्रमांक १५१००.

आणि पतसंस्थेचा हप्ता या महिन्यात चुकणार असे दिसत असेल, तर नोटीस निघायची वाट पाहू नका. मुदत वाढवून मागणारा अर्ज याच आठवड्यात द्या, आणि त्या आधी तुमच्या जामीनदारांना स्वतः भेटून सांगा.