स्प्रेच्या डब्यातला सूर्य

रविवारी सकाळी वारा पडलेला असेल तर मी गच्चीवर पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवते आणि त्यात बाटलीच्या झाकणावर चिकटवलेला एक शिपाई उभा करते. उंची जेमतेम २८ मिलिमीटर. आदल्या दिवशी त्याला चहूबाजूंनी काळा प्रायमर मारून ठेवलेला असतो, त्यामुळे तो कोळशाच्या खड्यासारखा दिसतो. हात कुठे संपतो, बंदूक कुठे सुरू होते, काही कळत नाही. मग पांढऱ्या प्रायमरचा डबा खळखळ हलवायचा, शिपायाच्या डोक्यावर दीड वीत उंच धरायचा आणि वरून दोन छोटे फवारे सोडायचे.

एवढ्यानं तो जिवंत होतो. टोपाचा माथा पांढरा, खांदे पांढरे, छाती करडी, हनुवटीखाली काळोख, पोटऱ्यांमागे सावली. अजून एकही रंग लागलेला नाही, ब्रशला हात लावलेला नाही, पण भर दुपारी मैदानात उभा असलेला माणूस खोक्यात दिसायला लागतो. आभाळ भरून आलेलं असलं तरी त्याच्या अंगावर ऊन असतं. गेली कित्येक वर्षं मी हे करतेय, तरी दर वेळी डबा खाली ठेवून मिनिटभर नुसती बघत बसते.

या छंदात मी आले ती व्हिडिओ गेमच्या दारानं. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीचा ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा टेबलावर खेळायचा युद्धखेळ १९८७ पासूनचा. शिपायांचे सुटे भाग कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि मग फासे टाकत आपली फौज लढवायची. २००४ साली त्यावर ‘डॉन ऑफ वॉर’ हा कॉम्प्युटर गेम आला आणि त्यात ‘आर्मी पेंटर’ नावाची एक सोय होती. खांद्याला हा निळा, बंदुकीला तो लाल, असं माउसनं निवडलं की अख्खी फौज त्या रंगात रणांगणावर उतरायची. मी लढायांपेक्षा त्या रंगांच्या पानावरच जास्त रमले.

पुढे खरे शिपाई हातात आले तेव्हा मी तोच निळा त्याच जागी लावला. एकसारखा, कडा सांभाळून, कुठेही न सांडता. वाळल्यावर पाहिलं तर शिपाई जत्रेतल्या रबरी बाहुल्यासारखा दिसत होता. रंग तोच, आकार तोच, तरी पडद्यावर असलेलं काहीतरी इथे नव्हतं. ते काय, हे उमगायला मला जवळपास वर्ष लागलं. पडद्यावर मी फक्त रंग निवडत होते. उजेड कॉम्प्युटर घालत होता.

उजेड घालायचा म्हणजे काय करायचं? योहान हाइनरिख लॅम्बर्ट या गणितज्ञानं १७६० साली ‘फोटोमेट्रिया’ या ग्रंथात त्याचा हिशेब मांडून ठेवलाय. पृष्ठभाग दिव्याकडे सरळ तोंड करून असेल तर त्याला पूर्ण उजेड मिळतो. तो कलला की तेवढाच उजेड जास्त जागेवर पसरतो आणि प्रत्येक भागाच्या वाट्याला कमी येतो. ६० अंश कलला की निम्मा, ९० अंश कलला की शून्य. सरळ पडणाऱ्या पावसात पाटी धरून पाहा. आडवी धरली तर लगेच चिंब होते, तिरकी धरली तर कमी भिजते, उभी धरली तर थेंब नुसते कडेला चाटून जातात. उजेडाचंही तसंच. आजचे त्रिमिती गेम पडद्यावरचा प्रत्येक ठिपका रंगवताना हा हिशेब, किंवा त्याचीच सुधारलेली आवृत्ती, करतात आणि तोही सेकंदाला साठ साठ वेळा.

आता गच्चीवरचा डबा पुन्हा आठवा. त्यातून सुटलेले रंगाचे बारीक थेंब जवळजवळ सरळ रेषेत जातात, प्रकाशाच्या किरणांसारखे. समोर तोंड करून असलेल्या भागावर दाट बसतात, कललेल्यावर विरळ, आणि आडोशाला पोचतच नाहीत. ग्राफिक्स कार्ड जे उत्तर गुणाकार करून काढतं, ते इथे थेंब अंगावर बसून आपोआप निघतं. मी एकही कोन मोजलेला नसतो, तरी टोपाच्या गोलाईवर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतची उतरण अचूक आलेली असते. रंगवणारे याला ‘झेनिथल प्रायमिंग’ म्हणतात. झेनिथ म्हणजे आपलं खस्वस्तिक, बरोब्बर डोक्यावरचा बिंदू. यावर निळ्याचे पातळ, पारदर्शक थर दिले की खालची ऊनसावली वर झिरपते आणि तोच रबरी निळा चिलखत होतो.

पण खोलीत खरा उजेड असताना तो अंगावर रंगवायचा कशाला? याचं उत्तर मी एकदा वहीच्या मागच्या पानावर काढलं. चांगल्या डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा दिसतो. हातभर अंतरावर, म्हणजे ६० सेंटिमीटरवर, तो भरतो सुमारे ०.१७ मिलिमीटर. २८ मिलिमीटरच्या शिपायात असे किती मावतात? साधारण १६०. म्हणजे टेबलावरचा शिपाई आपल्या डोळ्याच्या दृष्टीनं पायापासून डोक्यापर्यंत अवघ्या १६० ठिपक्यांचा असतो. त्याचा डोळा तर चार-पाच ठिपक्यांत आटपतो. १९९३ च्या डिसेंबरात आलेला ‘डूम’ हा गेम ३२० बाय २०० ठिपक्यांच्या पडद्यावर चालायचा. माझ्या टेबलावरचा प्लॅस्टिकचा माणूस आणि तीस वर्षांपूर्वीच्या पडद्यावरचं चित्र, दोघं एकाच मापात बसतात! हा आकडा निघाला तेव्हा मी वही घेऊन घरभर सगळ्यांना दाखवत फिरले.

दुसऱ्या बाजूनं बघा. हा शिपाई खऱ्या माणसाच्या साठाव्या हिश्शाएवढा. तो हातभर लांब ठेवणं म्हणजे खरा माणूस ३६ मीटरवर उभा करणं. तेवढ्या अंतरावरून भुवई, ओठ, पट्ट्याचं बक्कल कोणाला दिसतं? म्हणून रंगवणारे भुवईखालची सावली हवी त्याहून गडद करतात, गालाचं हाड हवं त्याहून उजळ करतात, आणि दोन कपडे जिथे भिडतात तिथे काळसर रेघ ओढतात. गेमचे चित्रकारही मोजक्या ठिपक्यांत चेहरा बसवताना हेच करत आले.

आणि डूमचे राक्षस आले कुठून? मातीतून. टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअरच्या एड्रियन कारमॅक या चित्रकारानं काही पात्रांचे छोटे पुतळे मातीत घडवले. ग्रेगर पंचॅट्झ या मूर्तिकारानं इतर काही राक्षस रबर आणि धातूच्या सांगाड्यावर करून दिले. पुतळा कॅमेऱ्यासमोर ठेवून थोडा थोडा फिरवत त्याची छबी टिपायची, ती कॉम्प्युटरमध्ये घ्यायची आणि मग ठिपका ठिपका करून साफ करायची. आठ दिशांनी आठ चित्रं लागत. अनेक पात्रांची पाचच करत आणि उरलेली तीन आरशातल्यासारखी उलटवून घेत. बंदुकांसाठी खेळण्यातल्या बंदुका वापरल्या. हे कळल्यावर मी तो गेम पुन्हा काढला. इतकी वर्षं ज्याला गोळ्या घातल्या तो राक्षस कुणीतरी बोटांनी दाबून केलेला होता, आणि त्याच्या मांडीवरची सावली खऱ्या दिव्याची होती.

सावलीचं एक वेगळंच कोडं आहे. लॅम्बर्टचा नियम जसाच्या तसा पाळला तर दिव्याकडे पाठ असलेली बाजू ठार काळी होते आणि तिथला आकारच हरवतो. १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’ गेममध्ये व्हॉल्व्ह कंपनीच्या लोकांनी यावर सुंदर तोडगा काढला. लॅम्बर्टचं उत्तर निम्मं करायचं आणि त्यात अर्धा मिळवायचा. मग उजेड पुढच्या बाजूवरून गोल फिरून मागेही हळूहळू मावळतो, एकदम तुटत नाही. भौतिकशास्त्राला हे मान्य नाही, डोळ्याला आहे. त्यांच्याच २००७ च्या ‘टीम फोर्ट्रेस २’मध्ये सावल्या काळ्याऐवजी निळसर थंड छटांकडे झुकतात आणि पात्रांच्या कडांवर उजेडाची पट्टी चमकते. त्यासाठी त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे लायनडेकरसारखे जाहिरात-चित्रकार अभ्यासले होते. मीही निळ्या चिलखताच्या सावलीत काळ्याऐवजी जांभळा घालते, आणि शेवटी ब्रशचं टोक आडवं धरून प्रत्येक कडेवर केसाएवढी फिकट रेघ ओढते. या कामाला तासन्‌तास लागतात. पण टेबलाच्या पलीकडून शिपाई ओळखू येतो तो त्या रेघेमुळे.

सगळ्यात जास्त जीव माझा वॉशवर. वॉश म्हणजे गडद रंगाचं पातळ पाणी. ते अंगभर लावायचं की स्वतःहून खाचांत जाऊन बसतं, कारण अरुंद जागेत पाण्याचा ओढा जास्त. साखळी चिलखताची शेकडो भोकं एका हातासरशी काळी होतात आणि कड्या वर उठून दिसतात. खऱ्या जगातही कोपरे काळसरच असतात, कारण तिथे चहूकडून येणारा उजेड अडतो. गेमना ही गोष्ट चालू खेळात जमायला २००७ चं ‘क्रायसिस’ उजाडावं लागलं. त्यात प्रत्येक ठिपक्याच्या आजूबाजूला चाचपून तो किती खोलगटात आहे हे पाहत आणि तेवढा काळा करत. माझ्याकडे हे काम पाण्याचा एक थेंब करतो.

तोच थेंब कधी घातही करतो. सपाट पाठीवर वॉशचं तळं साचलं की वाळल्यावर मधे फिकट आणि कडेला गडद वलय उरतं. कपाखाली सांडलेल्या कॉफीचा डाग आठवा, तोही कडेलाच गडद असतो. का, हे शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये उलगडलं. थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून राहते आणि तिथलं पाणी सगळ्यात भरभर उडतं. ती तूट भरायला आतलं पाणी कडेकडे वाहत राहतं आणि वाहताना रंगाचे कण ओढून नेतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर हे वाहणं खरंच दिसतं. उपाय सोपा: ओलं असतानाच कोरड्या ब्रशच्या टोकानं तळं शोषून घ्यायचं.

उरते चमक. लॅम्बर्टच्या उजेडात तुमचा डोळा कुठे आहे याला महत्त्व नाही. खडबडीत भिंत कुठूनही तेवढीच उजळ दिसते. तांब्याच्या कळशीवरचा चमचमता ठिपका मात्र आपण हललो की आपल्याबरोबर सरकतो. हा सरकणारा ठिपका कॉम्प्युटरला स्वस्तात काढता यावा अशी रीत बुई तुओंग फाँग या व्हिएतनामी तरुणानं युटा विद्यापीठात शोधली. ती १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी तिशी नुकतीच ओलांडलेला फाँग गेला. गेममध्ये तलवार फिरवल्यावर पात्यावरून जी झिलई धावते, तिच्या मुळाशी त्याचं ते सूत्र आहे.

ब्रशनं हे जमत नाही. धातूसारखा चमकणारा रंग मिळतो, पण त्यातली चकाकीची खपली एका मिलिमीटरच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागाएवढी असली तरी साठपट केल्यावर दीड-दोन मिलिमीटरची होते. पोलादाचा पोत काही तसा नसतो. म्हणून काही रंगवणारे नुसत्या करड्या, पांढऱ्या, काळ्यानं तलवार रंगवतात. काळ्याला अगदी खेटून पांढरा आला की डोळा त्याला चमक समजतो. अट एकच, ती तलवार ठरलेल्या बाजूनंच बघायची. वळवली की चमक जागच्या जागी गोठलेली दिसते.

मागच्या दिवाळीत भाच्यानं अंगणात किल्ला केला. माती, पोती, हळीव पेरलेले उतार, आणि कुंभारवाड्यातून आणलेले मावळे: गुलाबी चेहरा, काळी मिशी, एक सपाट लाल आणि एक सपाट पिवळा. पहारेकऱ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, “मावशी, हा रात्रीचा उभाय. याला पणतीचा उजेड पाडून दे ना.” मी त्या मावळ्याला घरात नेलं. पणती त्याच्या उजव्या पायाशी आहे असं ठरवलं, आणि तिथून सरळ रेषेत काय काय दिसेल तेवढंच रंगवलं. हनुवटीची खालची बाजू, नाकपुडीची कड, मिशीचं टोक, भाल्याच्या दांड्याची आतली बाजू. पणतीजवळ पिवळं, वर जाता जाता नारिंगी, शेवटी विटकरी. बाकी सगळा मावळा निळसर काळपट केला. भाचा टेबलाला हनुवटी टेकून बसला होता. खालच्या ओठाखाली नारिंगीचा शेवटचा टिंब दिला तेव्हा तो एकदम मागे सरकला.

दुपारच्या उन्हात बुरुजावर ठेवला तरी मावळ्याच्या पायाशी दिवा जळत असल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी भाच्यानं खरी पणती लावली, पण तेलाची वाटी सांडू नये म्हणून डाव्या बाजूला ठेवली. मग मावळ्याच्या एका गालावर हलणारा उजेड आला आणि दुसऱ्या गालावरचा न हलता तसाच राहिला. भाचा बराच वेळ एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं वाकून बघत होता.