चोवीस तासांचा हिशेब

लघवीसारखा विषय कौटुंबिक मासिकांत चर्चेस घेणें कांहीं वाचकांस अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या घरांत मुलें आहेत, त्या घरीं केव्हां ना केव्हां डॉक्टर एक मोठी बाटली हातीं देऊन ‘चोवीस तासांची लघवी सांठवून आणा’ असें सांगतात; आणि हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं, याचा प्रत्यय आम्हांस गेल्या वर्षीं खडकवासल्यास आला.

तेथें आमचे धाकटे बंधु सहकुटुंब राहतात. त्यांचा नातू सात वर्षांचा, वजन २० किलो. त्याच्या लघवींतून दोन वेळां रक्त गेलें, तेव्हां लघवीवाटें कॅल्शियम अधिक जातें काय, हें पाहण्याचें ठरलें. दिवसाकाठीं दर किलो वजनामागें ४ मिलिग्रॅमपर्यंत कॅल्शियम जाणें मुलांत स्वाभाविक समजतात. म्हणजे या मुलाची मर्यादा ८० मिलिग्रॅमची. अहवालांत आकडा आला ६०. आजीबाईंनीं तत्काळ देवापुढें साखर ठेवली.

डॉक्टरीणबाईंची दृष्टि मात्र त्याच कागदावरील दुसऱ्या आकड्यावर खिळली. तो क्रिॲटिनिनचा होता. हा पदार्थ स्नायूंपासून सतत तयार होतो व मूत्रपिंडें तो रोज जवळजवळ सारख्याच प्रमाणांत बाहेर टाकतात. पाणी अधिक प्यालें तर लघवी वाढेल, पण तिच्यांतील एकूण क्रिॲटिनिन फारसें बदलत नाहीं. म्हणूनच बाटली पुरी भरली कीं नाहीं, याची साक्ष तें देऊं शकतें. तान्ह्या मुलांत स्नायू थोडे, म्हणून तेंहि थोडें. शाळकरी मुलांत दर किलोस सुमारें १५ ते २० मिलिग्रॅम धरतात. या हिशेबानें आमच्या मुलाचें निदान ३०० तरी यावयास हवें होतें. आलें होतें १९०.

“तिसऱ्या हिश्शाहून अधिक लघवी बाटलींत आलेलीच नाहीं. ती गेली कोठें?” त्यांनीं विचारलें.

एकत्र कुटुंबांत अशा प्रश्नाला उत्तर कोण देणार! आईला वाटलें काकू पाहत आहेत. काकूंना वाटलें आत्या. अखेर खरें सांगितलें तें मुलानेंच. तो रविवार होता. काकांनीं त्याला धरणाच्या चौपाटीवर भाजलेलीं कणसें खावयास नेलें होतें, व तेथें एका झुडपामागें चोवीस तासांतील बराच हिस्सा खर्ची पडला होता. बाटली घरीं मोरींत होती.

डॉक्टरीणबाईंनीं तेथल्या तेथें ६० ला १९० नें भागून पाहिलें. उत्तर ०.३२ आलें; या वयांत ०.२ हून अधिक आल्यास शंका घेतात. बाटली अपुरी असली तरी हें गुणोत्तर फारसें बिघडत नाहीं. ज्या आकड्यावर आम्हीं साखर वाटून मोकळे झालों होतों, तो निव्वळ फसवा होता.

आमचे बंधु केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्रांत नोकरीस होते. १९१६ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेंत नद्यांच्या व धरणांच्या लहान प्रतिकृति करून पाण्याची गति अभ्यासतात. ते म्हणाले, “दादा, प्रवाह म्हणजे पाणी भागिलें वेळ. वेळच चुकली तर पाणी कितीहि काटेकोर मोजा, उत्तर चुकणारच.” दुसऱ्या खेपेस वही-पेन्सील त्यांनींच घेतली. सकाळीं सात वाजतां मुलास लघवी करावयास लावून ती टाकून दिली, कारण ती आदल्या रात्रीची. पण वेळ टिपून ठेवली. तेथून पुढची प्रत्येक लघवी बाटलींत, शौचाच्या वेळचीसुद्धां. आणि दुसऱ्या दिवशीं बरोबर सात वाजतां केलेली शेवटची तीहि बाटलींत. बाटली थंड जागीं. पहिली लघवी न टाकतां बाटलींत घेणें ही फार घरांतून होणारी चूक आहे. मग क्रिॲटिनिन उलट जास्त येतें.

आहाराच्या संशोधनांत याहून कडक परीक्षा आहे. केंब्रिजच्या बिंगहॅम व कमिंग्ज यांनीं १९८३ सालीं ती मांडली. पॅरा-अमिनो-बेन्झोइक आम्लाच्या ८० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या दिवसभरांत जेवणांबरोबर द्यावयाच्या; त्यांपैकीं ८५ टक्क्यांहून कमी लघवींत मिळालें तर सांठवण अपुरी समजावयाची. आमच्यासारख्यांस क्रिॲटिनिन पुरे.

त्याच १९८३ सालची पुण्यांतील एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. मुलांचें यकृत कठीण करून प्राण घेणारा एक रोग पूर्वीं आपल्याकडे पुष्कळ आढळे. के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनीं, इंग्रज डॉक्टर टॅनर यांच्यासमवेत, पितळी भांड्यांत तापविलेल्या वरच्या दुधावाटें तान्ह्या मुलांच्या पोटांत जाणारें तांबें हें त्याचें संभाव्य कारण म्हणून दाखवून दिलें. पुढें तीं भांडीं मागें पडलीं व रोगहि ओसरला. विल्सनच्या रोगाच्या शंकेनें मुलांच्या चोवीस तासांच्या लघवींतील तांबें आजहि मोजतात. अशा वेळीं लघवी पितळेच्या तपेलींत धरून बाटलींत ओतली, तर भांड्याचें तांबें मुलाच्या नांवावर चढावयाचें! प्रयोगशाळेनें दिलेलें भांडेंच वापरावें.

आमच्या मुलाचा दुसरा अहवाल आला: क्रिॲटिनिन ३४५, कॅल्शियम ११२. दूध बंद करावें काय, असें आजीबाईंनीं लगेच विचारलें. दूध नेहमींप्रमाणें चालूं द्या, पाणी भरपूर पाजा आणि मीठ कमी करा, असें उत्तर मिळालें. लोणच्याची बरणी तेव्हांपासून वरच्या फळीवर आहे.